शुक्रवारचा लंबक

"अहो, जी पोरगी तोंड उघडत न्हाय, तिला तुम्ही वर्ग शिकवायला देताय?"

"अगं, टोकाला लंबकाचा वेग शून्यच असतो. पण त्वरण तिथंच सगळ्यांत जास्त. बघशील तू."

आत बोलत होते आमचे क्लासवाले सर आणि त्यांची बायको, म्हणजे काकू. ती पोरगी म्हणजे मी, दाराबाहेर चपलेचा पट्टा उगाच काढत-घालत उभी होते. ही स्तुती होती की निंदा, हे ठरवेपर्यंत मी जिना उतरून रस्त्यावर आले होते.

सरांच्या लेखी लंबक नाही असं जगात काहीच नाही. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली की ते समोर टांगलेल्या लिंबू-मिरचीला झोका देऊन रिक्षावाल्याला विचारतात, "भाई, इसकी स्पीड सबसे ज्यादा किधर?" "बीच में, साहब." "और ऊर्जा?" "वो तो सुबह ही खतम हो गई." आमचा क्लास कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लूम चालू असले की वर टांगलेलं सगळं थरथरतं. त्यामुळे अभ्यासक्रमात धडा कुठेही असो, लंबक शिकवायचा तो लूम बंद असतात त्या शुक्रवारीच. सर छताला दोरीने बांधलेलं पितळी वजन नाकाला टेकवून सोडत. ते पोरांच्या डोक्यांपर्यंत जाऊन परत येई आणि नाकाच्या केसभर अलीकडे थांबे. सरांची पापणीही लवत नसे. "ढकलायचं न्हाय, नुसतं सोडायचं. दिली त्याहून जास्त ऊर्जा घेऊन परत यायला तो काय जावई हाय?"

पण हल्ली सरांची मान आपली आपणच हलते. मागच्या वेळी वजन परत आलं तेव्हा ती नेमकी पुढे आली होती. नाकावर चिकटपट्टी लावून सर आठवडाभर "प्रयोगातली चूक" म्हणत हिंडले. काकू दोरी कापायलाच निघाल्या. "या शुक्रवारी त्या पोरीनं करून दाखवलं न्हाय," सर म्हणाले, "तर खुशाल काप."

मी म्हणजे उत्तर येत असूनही अख्खी इंग्लिश मीडियमची शाळा हात खाली ठेवून पार केलेली मुलगी. मला आता वळ-अंबाडीकडच्या गावांतल्या मराठी शाळांतून आलेल्या पोरांसमोर 'त्वरण' म्हणायचं होतं. आरशासमोर सराव केला, तर आरशातली मुलगीही खाली बघायला लागली.

शुक्रवारी लूम बंद होते. एरवी ज्याच्या आड लपता आलं असतं तो खडखडाटही नव्हता. दारात काकू कात्री घेऊन उभ्या, सर शेवटच्या बाकावर. गार पितळ नाकाला टेकलं तशी पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "ताई, डोळे मिटू नका हां." वजन मी सोडलं की घामाने सुटलं, देव जाणे. ते सरांच्या दिशेने गेलं आणि त्याच्या पलीकडे मला त्यांची मान हलताना दिसली. ती थरथरत होती की मला 'हो' म्हणत होती, इतक्या लांबून कळेना.

वजन टोकाला क्षणभर थांबलं.

"आता हा परत येईल," मी मोठ्याने म्हणाले, "आणि मी हलणार न्हाय. का, ते सांगा."