टोपीखालची बाजू

विमलताई गेल्याचं मला आमच्या ग्रुपवरून कळलं नाही, कारण ताई आता त्या ग्रुपवर नव्हत्याच. कतारगामच्या एका कारखान्यात मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू करत होतो तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी विमलताईंची मुलगी, संगीता. आई काल गेली. तिच्या मोबाइलमधल्या सगळ्यांना कळवतेय. 'फोटोवाले भाऊ' म्हणजे तुम्हीच ना?" मी हो म्हणालो, वाईट झालं म्हणालो, येतो म्हणालो... आणि लगेच गेलो नाही. त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

ताई इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. वडील जळगावकडून गिरणीत कामाला आले ते इथलेच झाले. दहावी होताच ताई बाटल्या धुण्याच्या कामावर लागल्या. बाटल्या धुता धुता त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागल्या, पुसट झालेल्या पुन्हा लिहू लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत अशी वेळ आली होती की नव्या प्राध्यापकांना हवा तो नमुना त्याच काढून देत. हौशी फोटोग्राफरांच्या आमच्या ग्रुपमध्ये त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे काच तडकलेला जुना मोबाइल होता. आम्ही रविवारी बारडोलीच्या बाजूला उसाच्या बांधांवर, कधी हजीऱ्याकडच्या खाडीकाठी जायचो. पाखरू असो, कोळी असो की अळंबी, फोटोखाली लॅटिन नाव पाहिजेच, अशी आमची हौस. मोबाइलमधलं ॲप सांगेल ते नाव टाकून मोकळं व्हायचं.

ताई तशा मोकळ्या होत नसत. एका अळंबीचे त्या तीन फोटो काढत: टोपी वरून, टोपी खालून आणि देठ थेट मुळापर्यंत. "भाऊ, खालनी बाजू दखाड ना," असं घरच्या अहिराणीत म्हणत. टोपीखालच्या पातळ पडद्यांना त्या निऱ्या म्हणायच्या. निऱ्या देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या, अळंबी लाकडावर उगवलीय की शेणावर, हे सगळं लिहून घेत. मग टोपी घरी नेऊन पांढऱ्या कागदावर पालथी घालत. सकाळपर्यंत कागदावर बीजाणूंची छाप उमटते, तिचा रंग पाहिल्याशिवाय त्या नाव उच्चारत नसत. "कुळापर्यंत कळलं तर कुळापर्यंतच लिहायचं. जातीची ओळ कोरी ठेवली तर काय बिघडतं?" आणि एकदा हसत म्हणाल्या, "बा सांगायचा, जात विचारणाऱ्याच्या दारात उभी राहू नको. आणि मी जन्मभर जाती विचारायचाच पगार खाल्ला!"

आम्ही सगळे हसलो. पण खरं लिहायचं तर त्या मला खुपत होत्या. त्या येण्याआधी ग्रुपमधला जाणकार मी होतो. महागडा कॅमेरा माझ्याकडे होता. माझ्या फोटोंखाली त्या नम्रपणे लिहीत, 'जात नक्की नाही'. बाटल्या धुणाऱ्या बाईनं मला हे सांगावं... हे मनात आलं होतं. आज ते लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी बारडोलीच्या अलीकडे एका बांधावर पांढऱ्या छत्र्यांचं वर्तुळच उगवलं होतं. मी गवतात पालथा पडून फोटो काढत होतो. ताई थोड्या अंतरावर, नेहमीसारख्या एकेकाला नावं सांगत होत्या. ही खायची का, असं माझ्या पाठीमागून एका बाईंनी गुजरातीत विचारलं, "आ खवाय?" कॅमेऱ्यावरचा डोळा न काढताच मी म्हणालो, "खवाय, खवाय." त्या हेतलबेन होत्या, पहिल्यांदाच आलेल्या, अजून ग्रुपवरही नसलेल्या. मी त्यांचं तोंडही पाहिलं नाही, त्यांनीही माझं पाहिलं नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, त्या नव्या बाईंना तुम्ही खायची म्हणालात का? त्यांनी पिशवीत घेतल्यात. मला निऱ्यांना हिरवट झाक वाटली, विषारी असू शकते. मी छाप घालून ठेवलीय, पण तोवर त्यांना सांगा ना... माझ्याकडे त्यांचा नंबर नाही."

"ताई," मी म्हणालो, "प्रयोगशाळेतल्या बाटल्या वेगळ्या आणि रान वेगळं. मी बघतो काय ते."

मी काहीच बघितलं नाही. सकाळी उठलो तेव्हा मोबाइलवर ताईंचे दोन मिस्ड कॉल होते. मी उलट फोन केला नाही. त्या दुपारी हेतलबेनच्या घरी त्या अळंबीची भाजी झाली. संध्याकाळी त्या आणि त्यांच्या सासूबाई उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात गेल्या. चौथ्या दिवशी दोघी घरी आल्या, एवढंच नशीब. त्या दवाखान्यात असतानाच त्यांच्या नवऱ्याचा आमच्या ॲडमिनला संतापून फोन आला, "तमारामांथी ज कोईए कह्युं हतुं!" तुमच्यातल्याच कुणीतरी खायला सांगितलं, म्हणे. ॲडमिननं मला विचारलं, "तू तिथंच होतास. कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "नावं तर ताईच सांगत होत्या."

वाक्य खरं होतं. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

ग्रुपवर लोक तुटून पडले. 'अर्धवट ज्ञान', 'जीव गेला असता'... ताईंनी एकच ओळ लिहिली: 'हेतलबेन आणि त्यांच्या सासूबाई आता कशा आहेत?' थोड्या वेळानं ॲडमिननं त्यांना ग्रुपमधून काढलं. मी स्क्रीनकडे बघत होतो. मला वाटलं, त्या मला फोन करतील, भांडतील. त्यांनी फोन केला नाही. पुढे एकदा उधन्याच्या भाजीबाजारात त्या समोरून येताना दिसल्या आणि मी स्कूटर गल्लीत वळवली.

गेल्या रविवारी अखेर लिंबायतला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. संगीतानं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आईला माहीत होतं. तिनं तुमचा आवाज ऐकला होता. मी म्हटलं, जा, सांग सगळ्यांना. ती म्हणाली, 'ते सांगतीन. आज ना उद्या सांगतीन.'" मग ती म्हणाली, "तीन वर्षं वाट बघितली हो तिनं."

 तिथं बसूनच मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कोणी हात जोडलेलं चित्र टाकलं, ॲडमिननं लिहिलं, 'आता जाऊ द्या'. ज्यांनी ते वाचायला हवं होतं, त्यांना मात्र आता कोणी ग्रुपमध्ये परत घेऊ शकत नव्हतं.

मी उठलो तेव्हा संगीता मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी घेऊन गेली. खिडकीत एक स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. "दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळी आईनं ठेवली. मी उचललीच नाही. बघता?"

मी वाटी उचलली. खाली वाळून सुरकुतलेली इवलीशी टोपी, आणि ती सरकवल्यावर कागदावर उमटलेलं बदामी, रेषारेषांचं बारीक चक्र. कोपऱ्यात ताईंच्या अक्षरात दिवस, जागा, आणि 'कडुलिंबाच्या खोडावर' एवढंच. कूळ आणि जात, दोन्ही ओळी कोऱ्या.

"कोणती आहे ही?" संगीतानं विचारलं.

मी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्या कागदावर अलगद पुन्हा पालथी घातली.