सुखदेवचं अकोल्याचं खातं

सुखदेव गेला हे मला परतवाड्याच्या एसटी स्टँडवर कळलं. मी तिथं गुळाच्या सौद्यासाठी गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट पाहत बाकड्यावर बसलो होतो, तेवढ्यात तिथला एक वह्या-पुस्तकंवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, "विठ्ठलभाऊ, तुमी इथंच काहून बसले? अमरावतीचे तायडे बुकवाले गेले ना आज सकाळी." मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, "काहीबाही बोलू नको. परवा तं त्यानं मले माझ्या चष्म्यावरून शिव्या घातल्या." त्या बिचाऱ्यानं टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून माझा विश्वास बसला. गाडी वाटेत पंक्चर झाली. मी अमरावतीला पोचलो तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतत होती. छातीत कळ आली आणि दोन तासांत खेळ खलास, असं कोणीतरी सांगितलं. बेचाळीस वर्षांचा माणूस... मला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

आम्ही नगरपालिकेच्या शाळेत एका वर्गात होतो. माझ्या वडिलांचं, आबाजींचं, किराण्याचं दुकान होतं. सुखदेवचा बाप जिनात कापसाच्या गाठी वाहायचा. शाळेत सुखदेव वेगळ्या रांगेत बसायचा आणि मी त्याच्या वहीतून गणितं उतरवायचो. हे मी आज इतक्या सहज लिहितो आहे, पण तेव्हा ती रांग वेगळी का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, ही माझी लायकी. मॅट्रिक झाल्यावर त्यानं एका वकिलाकडं कारकुनी केली. छप्पन साली तो नागपूरला जाऊन बुद्धधर्म घेऊन आला आणि आल्या आल्या मला म्हणाला, "नोकरी सोडून राह्यलो. दुकान टाकतो." मी म्हटलं, "कायचं?" तो म्हणाला, "वह्या, पाट्या, दौती. आमच्या वस्तीतलं एकूण एक पोरगं आता शाळेत जाईन. त्याहिले पाटी कोण देईन? मीच ना!" शाळेच्या फाटकासमोर त्यानं आठ फुटांची खोली भाड्यानं घेतली आणि तिला स्वतः चुना मारला. माल मात्र अडला. आमच्या भागात वह्या-कागदाचा ठोक व्यापार अकोल्याला. तिथल्या पेठेत माल मुदतीवर मिळे, म्हणजे आज गठ्ठे न्या, पंचेचाळीस दिवसांनी पैसे द्या. पण नव्या माणसाला कोणी मुदत देत नसे. तिथल्या शेठजींनी त्याला विचारलं, "जामीन कोण?"

जामीन मी राहिलो. आबाजींच्या नावावर पेठेत डोळे मिटून माल मिळे, आणि मी त्यांचा पोरगा. बदनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला गेलो, शेठजींनी मला गादीवर बसवलं, चहा पाजला, आणि खात्यावर लिहिलं, 'सुखदेव तायडे, जामीन विठ्ठलराव.' माझी सही झाली. सुखदेव तेवढा वेळ पायरीजवळ उभा होता. येताना गाडीत मी फुशारकी मारत होतो, "पाह्यलं, आपल्या नावाचं वजन?" तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पाह्यलं." बस, एवढंच.

मग त्यानं जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे. पंचेचाळीस दिवसांची मुदत असायची आणि याचे पैसे सदतिसाव्या, अडतिसाव्या दिवशी मनिऑर्डरनं अकोल्याला पोचलेले असायचे. कौसल्यावहिनी, म्हणजे त्याची बायको, कधीकधी वैतागायची. "भाऊजी, याहिले समजवा ना जरा. घरात तेल नाई अन् हे आठ दिवस आधी पैसे धाडून राह्यले." मी समजवायला गेलो तर सुखदेव म्हणायचा, "अबे, तुह्यं नाव आबाजीनं कमावलं. मले माह्यं नाव कमवा लागते. उशिरा दिले तं चोर, वेळेवर दिले तं ठीक, आधी दिले तं ध्यानात राह्यतो." पोरं पाच नव्या पैशांची पेन्सिल घ्यायची, त्यातून हा माणूस मुदतीचे पैसे साठवत होता. त्याच्या अंगावर तीन वर्षं तेच दोन सदरे होते. मी त्याची थट्टा करायचो, त्याला 'शेठ' म्हणायचो. तो हसून घ्यायचा.

तीन वर्षांनंतर, होळीच्या सुमारास, त्यानं एक काम केलं आणि मला नंतर सांगितलं. अकोल्याचा सगळा हिशेब त्यानं शेवटच्या आण्यापर्यंत चुकता केला होता आणि सोबत पत्र पाठवलं होतं... 'आता विठ्ठलरावांचं नाव जामीन म्हणून काढावं, खातं एकट्या माझ्या नावावर चालवावं.' ऐकून माझं टाळकं सटकलं. "काहून? माह्या नावाची लाज वाटते काय तुले?" तो म्हणाला, "लाज नाई रे. पण दर बिलावर तुह्यं नाव पाह्यलं का मले त्या पायरीवर उभं राह्यल्यासारखं वाटते." मी म्हटलं, "तं मंग राह्य उभा!" आणि तिथून निघून आलो. हे वाक्य मी बोललो. ते आता पुसता येत नाही. पुढचे तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या दुकानावरून जाताना मी सायकलची घंटी मुद्दाम जोरात वाजवायचो, इतका मी शहाणा.

जूनमध्ये एक दिवस कौसल्यावहिनी माझ्या दुकानात गूळ घ्यायला आली. गूळ बांधून झाला तरी ती हलेना. मग म्हणाली, "भाऊजी, त्याहिले सांगू नका मी आली म्हणून. अकोल्याहून माल नाई आला. तीन पत्रं धाडली, जवाब नाई. शाळा दहा दिवसांवर आली अन् दुकानात चार पाट्या हायेत." वह्यावाल्याचं वर्षाचं पोट शाळा उघडण्याच्या त्या पंधरवड्यावर असतं. तो हंगाम गेला की दुकान गेलं, दुकान गेलं की पुन्हा वकिलाची कारकुनी, ती पण मिळाली तर. मी तिला विचारलं, "हिशेब किती चुकता केला होता त्यानं?" ती म्हणाली, "सगळा. छदामही नाई ठेवला." तेव्हा मला सगळं कळलं. कारण पेठेची रीत मला ठाऊक होती. चालत्या खात्यात कोणी सगळे पैसे भरत नाही. दोन रुपये, पाच रुपये, काहीतरी बाकी ठेवायची. बाकी म्हणजे संबंध आहे, मी परत येणार आहे. शून्य केलं म्हणजे खातं मिटवलं, रामराम. त्यात जामिनाचं नाव काढा म्हणून वर पत्र! शेठजींनी काय समजायचं? हा दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेला, आणि याच्या जामिनानं हात झटकले. ही रीत कुठं लिहिलेली नसते. मला ती कोणी शिकवलीही नव्हती, आबाजींच्या मांडीवर बसून ती आपोआप कानावर पडली होती. सुखदेवच्या बापाच्या मांडीवर ती कुठून पडणार? आणि ज्याला ती माहीत होती तो मी, सायकलची घंटी वाजवत फिरत होतो.

मी तसाच त्याच्याकडं गेलो. रीत समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहून धीर झाला नाही. नुसतं म्हटलं, "चल अकोल्याले. मी शेठजीले सांगतो." तो म्हणाला, "येतो. पण तिथं तू बोलायचं नाई. एक शब्द नाई. कबूल असन तं चल." मी कबूल केलं. मला गप्प बसवणं म्हणजे काय असतं ते माझ्या घरच्यांना विचारा.

शेठजींनी नेहमीप्रमाणे माझ्याकडं पाहून बोलायला सुरुवात केली. "बोला विठ्ठलराव, यांचं काय काम काढलं?" मी जीभ दाताखाली धरली. सुखदेव पायरी चढून वर आला, गादीच्या कडेला नीट मांडी घालून बसला आणि म्हणाला, "शेठजी, माल मले पाह्यजे. माह्याशी बोला." शेठजींच्या कपाळावर आठी आली. "भाई, पैसे असतील तर रोख द्या, माल न्या. कोण नाही म्हणतो?" आता, सुखदेवच्या खिशात त्या वेळी रोख होती. कौसल्यावहिनीच्या पाटल्या मोडून आणलेली. निम्मा माल त्यात सहज आला असता. मला वाटलं, काढतो आता. तो म्हणाला, "रोखीनं तं रस्त्यानं जाणारा कोणीही नेते. मले मुदत पाह्यजे, माह्या एकट्याच्या नावावर. तीन वर्षं मी एकदा चुकलो असन तं दाखवा. नसन चुकलो, तं सांगा, अजून काय करू म्हंजे तुमी मले मुदत द्यान?"

बाप्पा! पेठेत असं कोणी बोलत नसे. आजूबाजूचे दलाल वळून पाहायला लागले. शेठजींनी दिवाणजीला खातं काढायला सांगितलं. दिवाणजी चष्मा लावून एकेक तारीख वाचत गेला... आठ दिवस आधी, सात दिवस आधी, पुन्हा आठ दिवस आधी. तीन वर्षांत एकही रकम मुदतीला भिडलेली नव्हती. शेठजी ऐकत राहिले आणि मग खरोखरच दुखावल्यासारखे म्हणाले, "मग एवढं चांगलं खातं मिटवलं का? आमची काय चूक झाली?" सुखदेव गोंधळला. "मिटवलं? मी तं... मी तं पैसे चुकते केले, शेठजी. ते चांगलं नसते काय?"

तिथं मात्र माझ्यानं राहवलं नाही. दिलेला शब्द मोडला. मी म्हटलं, "शेठजी, चूक माझी आहे. बाकी ठेवावी लागते हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं, मी सांगितलं नाही. जामिनकीही मी सोडलेली नाही, त्यालाच ती नको आहे." सुखदेवनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तोंड मिटलं. शेठजींनी पानदान ओढून एक पान लावलं. शेवटी दिवाणजीला म्हणाले, "नवीन खातं मांडा. तीस दिवस मुदत. जामिनाची जागा कोरी सोडा." आणि सुखदेवकडं वळून, पहिल्यांदाच त्याच्या नावानं हाक मारत म्हणाले, "सुखदेवजी, चहा घ्याल ना?"

परतीच्या गाडीत त्यानं मला मूर्तिजापूरपर्यंत शिव्या दिल्या. "रीत ठाऊक होती अन् सांगतलं नाई! तीन वर्षं!" मी म्हटलं, "मले वाटलं, सगळ्याहिले ठाऊक असते." तो म्हणाला, "सगळ्याहिले म्हंजे तुमाले." मग त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्याचा खांदा हलायला लागला. मी पाहिलं तर तो रडत होता आणि हसतही होता. त्या वर्षी शाळा उघडली तेव्हा दुकान छतापर्यंत भरलेलं होतं.

पुढची आठ वर्षं सांगत बसत नाही. खोली आठ फुटांची सोळा फुटांची झाली. मुदत तीस दिवसांची साठ झाली. मग तो स्वतःच लहान दुकानदारांना मुदतीवर माल द्यायला लागला. नांदगाव खंडेश्वरचा एक, मोझरीचा एक, परतवाड्याचा तो धापा टाकत आलेला. त्यांच्यातल्या कोणाला त्यानं जामीन मागितला नाही. पण नवा माणूस आला की आधी त्याला बसवायचा आणि पेठेच्या सगळ्या रिती सांगायचा, माझ्याकडं बोट दाखवून, "हा सांगत नसते, म्हणून मी सांगतो." मी चिडायचो. खरं तर मला बरं वाटायचं.

तो गेल्यावर मला एकच धास्ती होती. मालक मेला की पेठ मुदत तोडते, सगळे पैसे एकदम मागते. मी मनाशी ठरवलं, एक महिना वहिनीला त्रास द्यायचा नाही, मग जायचं. परवा गेलो. जामिनकीचा कागद घरीच लिहून, सही करून खिशात नेला होता. दुकान उघडं होतं. दारात अकोल्याचे गठ्ठे उतरत होते. वहिनीनं मला शेठजींचं पत्र दिलं. दोन ओळी दुःखाच्या, आणि खाली, 'खाते श्रीमती कौसल्याबाई सुखदेव तायडे या नावाने मांडले आहे. मुदत नेहमीची. माल रवाना.' जामिनाबद्दल त्यात काही नव्हतं. मी खिशातला कागद काढला तशी ती म्हणाली, "भाऊजी, तो राहू द्या तुमच्यापाशी."

मग ती बिलावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागली, वाचून झालं की गठ्ठ्यावर टिचकी मारायची. अगदी तसंच सुखदेव करायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो तिला अक्षरं शिकवायचा, हे मला ठाऊक होतं. त्याची टिचकी तिच्या बोटात आली आहे हे ठाऊक नव्हतं. गाडीवाल्यानं पावती पुढं केली. सवयीनं माझा हात पेनकडं गेला, पण तिनं तिचं पेन आधीच उघडलं होतं. सावकाश, एकेक अक्षर जुळवत तिनं सही केली आणि पावती माझ्यासमोर धरली. "बराबर हाय ना, भाऊजी?"

मी म्हटलं, "मले काहून विचारता, वहिनी? खातं तुमचं हाय." आणि मग मी रडलो, भर दुकानात, गाडीवाल्यासमोर.