तुलनेचं गाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या पावसासाठी सासुरवाडीनं मला टोपी-उपरणं दिलं, त्या पावसाशी माझा काडीचाही संबंध नव्हता. उलट, त्या गावाला फवारणीतून वगळलं गेलं ते माझ्यामुळेच.

शहाद्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक. काही वर्षांपूर्वी ढगांवर विमानातून मिठाची फवारणी करून पाऊस वाढतो का, हे तपासणारी मंडळी इकडे आली. पर्जन्यमापकांवर लक्ष ठेवायला त्यांनी मला घेतलं. त्यांच्या साहेबांनी पडद्यावर परदेशातले पांढरे डोंगर दाखवले. तिथं म्हणे हिवाळ्यात अशीच फवारणी करून बर्फ वाढतो का ते बघतात. आम्हाला बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण मुद्दा कळला. पाऊस फवारणीनं पडला की आपला आपणच, हे ओळखायचं तर फवारणी न केलेलं एक गाव तुलनेला हवं.

"असं एखादं गाव सुचवा," साहेब म्हणाले.

मी सासुरवाडी सुचवली. कारण अजिबात शास्त्रीय नव्हतं. मापक तपासायच्या निमित्तानं सासूबाईंच्या हातचे डुबुकवडे मिळणार होते. शिवाय फवारणी कुठं आणि कुठं नाही, हे गावांना सांगायची मनाई होती. मोजणारे आपल्या गावाच्या बाजूनं मोजतील म्हणून. माझं गप्प राहणं नियमात बसत होतं.

फवारणी होती सासऱ्यांच्या जिवलग दोस्ताच्या गावावर, डोंगराच्या पायथ्याशी. विमान तिकडे गेलं ते सासऱ्यांच्या डोक्यावरून. संध्याकाळी सासुरवाडी चिंब झाली. दोस्ताच्या गावात धूळ बसण्याइतकंही पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर माझ्या डोक्यावर टोपी.

"मामा, अहो, यात माझं काही..."

"बसा, जवाईबापू. मोठा मानूस असाच लाजस."

तेवढ्यात दोस्त मोटरसायकलवरून आला. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडला, "तुन्हा जवाईनी मन्हा गावनं पानी चोरं!"

आता सासरे नाही म्हणतील असं मला वाटलं. ते छाती पुढे काढून म्हणाले, "हा, चोरं! तुन्हा जवाई काय करस? मोबाईल विकस ना? मंग तुले मोबाईल भेटी, पानी नही!"

सगळा पार हसला. दोस्त निघून गेला. मी उपरणं सावरत बसलो.

तेव्हापासून दोघांचा अबोला. आधी सोमवती अमावास्येला दोघं एकाच गाडीवर प्रकाशा गावी तापीत अंघोळीला जायचे. आता एक सकाळी जातो, एक दुपारी, आणि तो येऊन गेला का, असं दोघंही तिथल्या चहावाल्याला विचारतात.

काम संपल्यावर मी साहेबांना विचारलं, "मग फवारणीनं पाऊस घटतो का?"

"दोन गावं आणि एक पाऊस यावरून काहीच ठरत नाही. वाढतो असंही नाही, घटतो असंही नाही. आणि आता तुम्ही कुणालाही सांगायला मोकळे आहात."

मोकळा झालो, पण सांगितलं नाही. घरी पाहुणा आला की सासरे माझी ओळख करून देतात, "हाऊ मन्हा जवाई. पानी पाडस." मी पाहुण्याकडे बघून हसतो.

मागच्या वर्षी दोस्ताच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सासऱ्यांना मीच गाडीनं दवाखान्यात नेलं. हातात केळी घेऊन ते दारापर्यंत गेले आणि तसेच परत आले. येताना केळी त्यांच्या मांडीवरच होती. मग हळूच म्हणाले, "जवाईबापू, खरंच त्यान्हं पानी आपन चोरं का?"

"मामा, जरा थांबा, समोर ट्रक आहे," मी म्हणालो. ट्रक होता, पण पलीकडच्या लेनमध्ये.

विमान दोस्ताच्याच गावासाठी गेलं होतं, पाणी कुणी चोरलं नाही, आणि सासऱ्यांचं गाव मी माझ्या जेवणासाठी वगळायला लावलं. एवढं त्या दोघांना समोरासमोर बसवून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.