आजी मागत होत्या ते इश्क

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका वृद्धाश्रमात मी कामाला लागले, तेव्हा नवऱ्याच्या मागोमाग पुण्याहून इथे येऊन मला चार वर्षं झाली होती. तिथे नव्वदीच्या एक आयरिश आजी होत्या. डच माणसाशी लग्न करून तरुणपणीच इकडे आलेल्या. विस्मरणाच्या आजारात आधी त्यांचं डच गेलं, मग इंग्रजी. उरली लहानपणची आयरिश भाषा, आणि ती आमच्यात कुणालाच येत नव्हती.

त्या आठवड्यात विलक्षण उकडत होतं. आजी सारख्या म्हणायच्या, "इश्क, इश्क." मला हसूच यायचं, या वयात प्रेम आठवतंय! मी त्यांचा हात धरून बसायचे. त्या तो झिडकारायच्या, चादर चुरगाळायच्या. चहा दिला की एखादा घोट घेऊन तोंड फिरवायच्या. सहकारी म्हणाली, "फार अस्वस्थ आहेत. डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगू या." मला ते पटेना. घरी भाजी चिरतानाही तो आवाज कानातून जाईना.

तिसऱ्या दिवशी न राहवून मी ग्रोनिंगनला त्यांच्या मुलीला फोन लावला.

"आई 'इश्क' म्हणतात, ते काय?"

"पाणी. ती पाणी मागतेय."

मी धावतच आजींच्या खोलीत गेले. आजी माझं मनगट घट्ट धरून दोन पेले पाणी प्यायल्या.

रविवारी मुलगी आली. तिने शब्द लिहून दाखवला. अक्षरं भलतीच, उच्चार भलताच. शेवटचा 'अ' अगदी पुसट. त्यांच्याकडे पाणी पुल्लिंगी. ठरावीक पाण्याबद्दल बोलताना आधी 'अन' येतो आणि शब्दाला पुढून 'त' चिकटतो: 'अन तिश्क'. आणि 'पाण्याचा पेला' म्हणताना आपल्यासारखं रूप बदलत नाही, 'इश्क' तसंच राहतं.

मूळ मी नंतर शोधलं. आपलं 'उदक' आणि तो शब्द एकाच धातूतून आलेले. माझ्या लग्नाआधी घरी उदकशांत झाली होती. त्याच उदकाचा भाऊबंद तीन दिवस माझ्यासमोर कळवळत होता, आणि मी हसत होते.

पुढे मुलीने आजींना ग्रोनिंगनला नेलं. माझी तगमग मात्र गेली नाही. आता कुणी नवीन आलं की मी पहिल्याच दिवशी घरच्यांना विचारते, लहानपणी हे पाण्याला, दुखण्याला, आईला काय म्हणायचे? फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवते.