हलीमाचं नाव कव्हरवर कसं आलं

कव्हरच्या प्रूफवर हलीमाचं नाव नव्हतं. तिथे आमच्या कन्सल्टंटचं, ब्रायनचं, नाव होतं. ब्रायनने त्या पुस्तकात तीन स्वल्पविराम घातले होते. त्यातला एक मी काढला होता.

प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना. त्यावर सही केली की पुढची चूक आपली. मी सही केली नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. रियाधच्या अल मलाझ भागात शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात मी प्रॉडक्शन एडिटर होते. आम्हा बायकांचा सेक्शन वेगळा, पुरुषांचा भिंतीपलीकडे. भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून कागद जायचे. बोलणं इंटरकॉमवर. सेल्स मॅनेजर फादीशी मी सहा वर्षं रोज बोलत होते. त्याला पाहिलं कधीच नाही.

हलीमा सुदानची. इथल्या मुलींच्या शाळेत बारा वर्षं इंग्लिश शिकवत होती. तिने मुलांसाठी इंग्लिशमध्ये अठरा गोष्टी लिहिल्या होत्या. चांगल्या होत्या. आमच्या कमिटीने त्या दोनदा परत पाठवल्या.

कमिटीतले पुरुष लेखिकांना भेटत नसत. म्हणून हस्तलिखिताला एक फॉर्म जोडायचा: नाव, देश आणि इकाम्याची, म्हणजे परदेशी माणसाच्या ओळखपत्राची, झेरॉक्स. फोटोसकट. हलीमा काळी. आमच्या मशीनच्या झेरॉक्समध्ये आणखी काळी. त्याच महिन्यात एका ब्रिटिश बाईंचं हस्तलिखित पास झालं. त्यातली स्पेलिंगं मी सुधारली होती.

"सिस्टर, त्यांनी गोष्टी वाचल्याच नाहीत," हलीमा म्हणाली. "इकामा वाचला."

तिसऱ्यांदा मी फॉर्म जोडायला विसरले. कमिटीने आठवड्यात गोष्टी पास केल्या. 'फ्रेश व्हॉइस' असा शेरा आला. त्याच दिवशी मी कॉन्ट्रॅक्टवर हलीमाची सही घेतली आणि सरकारी छपाई परवानगीचा अर्ज तिच्या नावाने पाठवून दिला. मग मला फॉर्म सापडला. तो पलीकडे गेला आणि हे प्रूफ आलं.

मी इंटरकॉम उचलला.

"फादी, लेखिकेचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही, मॅडम. आतल्या पानावर आहे. तळाला."

"गोष्टी तिच्या आहेत."

"कोण नाही म्हणतंय? पण शाळांचे मालक इंग्लिश पुस्तकावर इंग्रज नाव शोधतात. सुदानी बाईकडून इंग्लिश कोण शिकेल?"

"तुमची मुलगी शिकते. तिच्याच वर्गात आहे."



"ते शाळेने ठरवलं, मी नाही. यल्ला मॅडम, सही करा. शाळा तीन आठवड्यांत उघडतील."

"करते ना. फक्त परवानगीचा कागद हलीमाच्या नावाने आलाय. कव्हरवर दुसरं नाव हवं असेल तर नवा अर्ज करायला लागेल, त्याला महिना तरी जातो. करू?"

फादी अरबीत काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "खलास. टाका तिचं नाव."

नाव आलं. अक्षरं मुंगीएवढी. हलीमाने फुटपट्टी लावली.

"चार मिलिमीटर," ती म्हणाली. "दिसतं."

पुस्तक शाळांनी घेतलं. इंग्रज नाव कुठे गेलं, असं विचारायला एकाही मालकाचा फोन आला नाही. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा छापावं लागलं. तेव्हा हलीमा नवं हस्तलिखित घेऊन आली.

"सिस्टर, या वेळीही फॉर्म विसरणार ना?"

विसरून उपयोग नव्हता. आता कमिटी तिला नावाने ओळखत होती. म्हणून मी कामाचा क्रम बदलला. आधी परवानगी काढली, मग हस्तलिखित फॉर्मसकट खिडकीतून पलीकडे दिलं. परवानगी मिळालेलं पुस्तक नाकारायचं तर आमच्याकडे कारण लेखी द्यावं लागे. कमिटीत पाच जण होते. ते कारण लिहून खाली सही करायला एकही तयार झाला नाही.