गैरअर्जदार क्रमांक एक

आमचं गाव मुकुटबनपासून फार लांब नाही, पण मुख्य रस्ता सोडून आत. माझ्या नवऱ्याची पिकअप होती. वेचणीच्या दिवसांत तो गावातल्या शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगला नेऊन टाकायचा. एरवी सोयाबीन, तूर, खताच्या बॅगा, कोणाच्या लग्नाचा मंडप. घर तिच्यावर चालायचं. मी शिवणकाम करते, पण ते तेल-मिठापुरतं.

वैनी म्हणजे समोरच्या घरची. नात्याची नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला वैनी म्हणते आणि तिच्या नवऱ्याला भाऊ. आमच्या आणि त्यांच्या दारांमध्ये बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. माझ्या घरात काय शिजतं ते तिला वासावरून कळतं.

त्या दिवशी ती गल्लीतल्या बायांसोबत दुसऱ्या गावच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. दिवस मावळायला आला तरी न्यायला येणारा ऑटो आला नाही, म्हणून बाया फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. माझा नवरा कापूस टाकून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. वैनीने हात दाखवला, त्याने गाडी थांबवली. यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. आमच्याकडे बाया अशाच येतात-जातात.

पुढची हकीकत मी दोघांच्या तोंडून ऐकलेली आहे, आणि दोघांचं सांगणं कधी वेगळं निघालं नाही. वळणावर कोळशाचा टिप्पर आपली बाजू सोडून समोर आला. नवऱ्याने गाडी डावीकडे घेतली, चाक रस्त्याखाली उतरलं आणि पिकअप नालीत आडवी झाली. टिप्पर थांबला नाही. त्याचा नंबर कोणी पाहिला नाही. पाहण्याइतकी शुद्ध कोणाला होती? बाकीच्या बायांना मुका मार लागला, एकीचा हात मोडला. वैनीचा पाय गाडीखाली सापडला.

यवतमाळला नेल्यावर डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. मी डबा घेऊन जायची, नवरा सोबत यायचा, पण वॉर्डात पाऊल टाकायचा नाही. बाहेर झाडाखाली बसून राहायचा. एकदा भाऊच त्याला हाताला धरून आत घेऊन आले. वैनी त्याला पाहून म्हणाली, "जेवला काय?" तो तसाच बाहेर निघून गेला आणि नळावर तोंड धूत कितीतरी वेळ उभा राहिला.

टिप्पर सापडला नाही, त्यामुळे गुन्हा नोंदला गेला तो माझ्या नवऱ्यावर. निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून. त्याची जमानत झाली, गाडी ठाण्यातून सुटून आली. मला वाटलं, आता यापुढे काही नाही.

पोळा होऊन गेला तेव्हा भाऊ आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. चप्पल घालूनच उभे राहिले.

"वकिलानं क्लेम टाकाले सांगतलं," ते म्हणाले. "तिच्यानं आता वावरात जानं होत नाई. पायाचं पाहा लागते, घर पाहा लागते. पैसे कंपनी देते म्हन्ते, विम्यावाली. पन गाडीवाल्याचं नाव टाकाच लागते म्हने. तुमच्यावर काही नाई. तुम्ही मनावर घेऊ नका."

"टाका नं भाऊ," माझा नवरा म्हणाला. "विमा कायले काढला मंग?"

खरंच, विमा चालू होता. लायसन होतं. मी त्या दिवशी नीट जेवले.

कोर्टाची नोटीस आली तेव्हा मी ती मोठ्याने वाचून दाखवली. वैनी अर्जदार. माझा नवरा गैरअर्जदार क्रमांक एक. विमा कंपनी गैरअर्जदार क्रमांक दोन. गैरअर्जदार या शब्दाला नवरा थोडा हसला. म्हणाला, "नाव तर चांगलं ठेवलं."

हसणं कंपनीचं उत्तर येईपर्यंत टिकलं. आमच्या वकिलांनी ते समजावून सांगितलं. कंपनीचं म्हणणं असं, की पिकअप मालवाहू आहे, विमा मालगाडीचा आहे. तिच्यात माणसं बसवून भाडं घेतलं, म्हणजे अटी मोडल्या. आता जबाबदारी कंपनीची नाही, गाडीमालकाची.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हणजे कोर्टाने कंपनीचं ऐकलं, तर नुकसानभरपाई तुमच्याकडून वसूल होऊ शकते," वकील म्हणाले. "गाडी, घर, जे असेल त्यातून. सगळं त्या बाई काय सांगतात त्यावर आहे. भाडं देऊन बसल्या होत्या की कसं."

घरी येताना एसटीत मी नवऱ्याला हळूच विचारलं, "घेत होते काय तुमी भाडं?"

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मी मागत नाई कोनाले. उतरताना कोनी हातात काही टेकवते, तर नाई बी म्हनत नाई."

"आन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी कोन उतरलं?"

तेव्हापासून मशीनवर बसले की सुई चालायची आणि मन समोरच्या दारात जायचं. वैनी काय सांगेल? तिने भाडं देतो म्हटलं, तर आम्ही बुडालो. तिने देत नाही म्हटलं, आणि दुसऱ्या बाईने वेगळं सांगितलं, तर ती खोटी ठरणार. आपल्या मालासोबत बसलेल्या माणसाला विमा लागू होतो म्हणे, पण पोलिसांच्या पंचनाम्यात गाडी रिकामी लिहिलेली होती, त्यामुळे मालासोबत बसलो होतो म्हणायलाही जागा नव्हती. मला वैनीचा क्लेम मिळावा असं मनापासून वाटायचं, आणि तिचा क्लेम आमच्या घरावर येईल म्हणून तिच्या दारातल्या काठ्या दिसल्या तरी मी नजर वळवायची. दोन्ही एकाच वेळी.

साक्षीची तारीख जवळ आली तशी एका दुपारी मी तिच्याकडे गेले. विचारायचं ठरवून गेले होते. वैनी खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही बसले आणि शेंगा सोलायला लागले. विचारता येईना. पोरांच्या शाळेचं बोलले, नळाच्या पाण्याचं बोलले.

शेवटी तीच म्हणाली, "तू कायले आली थे मले माहीत हाय."

मी पुढची शेंग घेतली.

"खोटं बोलाले गेली तर माया तोंडातून निंगत नाई, मी अडकतो," ती म्हणाली. "आन् तुयं घर बी डुबवाचं नाई मले. रात्रंदिवस तेच डोक्यात हाय. तूच सांग व बाई, काय बोलू?"

खोटं बोल असं म्हणायला जीभ वळली नाही आणि खरं सांग म्हणायची हिंमत झाली नाही. मी सोललेले दाणे तिच्या सुपात टाकले आणि घरी आले.

तारखेच्या दिवशी गावातून वेळेवर पोचवणारी एकच एसटी होती. तिच्यातच अर्जदार आणि तिच्यातच गैरअर्जदार. दोन्ही वकिलांनी तारीख होईपर्यंत एकमेकांशी फार बोलू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे आम्ही पुढे बसलो, ते मागे. पण आम्हा सगळ्यांसाठी दशम्या वैनीने आणल्या होत्या. त्या मागून पुढे आल्या.

कोर्ट वरच्या मजल्यावर होतं. भाऊंना कुठल्या तरी कागदावर सही करायला वकिलाने खाली थांबवलं आणि तेवढ्यात वरून वैनीच्या नावाचा पुकारा झाला. ती जिन्यापाशी काठ्या घेऊन उभी, पायऱ्यांकडे बघत. पुकारा पुन्हा झाला. माझ्या नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, तिच्या काठ्या माझ्या हातात दिल्या, आणि तिला खांद्याचा आधार देऊन एकेक पायरी वर घेऊन गेला. मी मागून काठ्या घेऊन. वर पोचलो तर दाराशी कंपनीचे वकील उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते फक्त आत गेले आणि फाइलवर काहीतरी लिहिलं.

उलटतपासणीत त्यांचा पहिला प्रश्न तोच.

"बाई, तुम्हाला आत्ता जिन्यावरून वर कोणी आणलं?"

वैनीने माझ्या नवऱ्याकडे बोट केलं.

"ज्याच्या निष्काळजीपणामुळे पाय गेला म्हणता, तोच तुम्हाला हात देतो. म्हणजे तुमचं दोघांचं संगनमत आहे. कंपनीकडून पैसे काढायला तुम्ही मिळून दावा केला, असं माझं म्हणणं आहे."

"संगनमत म्हंजे काय जी?" वैनीने साहेबांकडे पाहून विचारलं.

न्यायाधीश साहेबांनी सांगितलं, आधी आपसात ठरवून घेणं.

"नाई साहेब," ती म्हणाली. "मले जिना चढता येत नवता आन् पुकारा झाल्ता. घरचा मानूस खाली होता. ह्यो शेजारी हाय. अजून कोनाले बोलावू?"

टायपिस्ट टाइप करत होता. वकिलांनी कागद उलटला.

"त्या दिवशी गाडीत बसण्यासाठी भाडं दिलं होतं?"

"नाई."

माझ्या नवऱ्याने श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"नेहमी बसता तेव्हा देता?"

वैनीने कठड्याला धरलेला हात खाली घेतला, पुन्हा वर ठेवला. मी भिंतीकडे पाहत होते. तिच्याकडे पाहिलं तर ते दडपण ठरेल असं वाटत होतं.

"पोचल्यावर देतो, जमन तसं," ती म्हणाली. "थो मागत नाई. त्या दिवशी आमी पोचलोच नाई."

वकील खाली बसले. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

परतताना एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. वकिलांनी सांगितलेलं आता कोणी पाळत नव्हतं. गाव आलं तेव्हा तिने माझा हात धरून ठेवलेला होता, तो सोडवून मी आधी तिच्या काठ्या खाली दिल्या.

त्यानंतर तारखा पडत राहिल्या. निकाल लागला तेव्हा आमच्या वकिलांनी फोनवर आधी चांगली बातमी सांगितली: वैनीचा दावा मंजूर. मग दुसरी. कंपनीने भरपाई आधी अर्जदाराला द्यायची, आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करायची. मी फोन ठेवला आणि बाहेर आले. समोर वैनीच्या घरी आनंद झाला होता, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आमच्यामुळे.

वैनीला नवा पाय बसला. सुरुवातीला ती भिंत धरून चालायची, आता वाटीभर दही घेऊन गल्ली ओलांडते. मला ते बघून बरं वाटतं. हेही खरं आहे.

कंपनीने वसुलीची कारवाई सुरू केली आणि पिकअपवर जप्ती आली. ड्रायव्हर सोबत घेऊन मोटरसायकलवर आलेला कोर्टाचा माणूस भला होता. चहा घेतला, पाहून-पाहून लिहून घेतलं. नवऱ्याने सकाळीच गाडी धुऊन, सीटखालची लेकराची चप्पल आणि दोरखंड काढून ठेवले होते. किल्ली देताना तो म्हणाला, "क्लच जरा जड हाय, सांभाळून." गाडी गल्लीतून निघाली तेव्हा समोरचं दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी वैनी आली. दारातच उभी राहिली.

"बोल मले काही," ती म्हणाली. "शिव्या दे. पन बोल."

माझ्या मनात काय काय होतं. तिने एक शब्द गिळला असता तर, हेही होतं. ते मी नाकारत नाही. पण ती उन्हात उभी होती, आणि नव्या पायावर तिला फार वेळ उभं राहवत नाही.

"बस," मी म्हटलं. "चहा ठेवतो."

गाडीच्या किमतीत सगळं फिटलेलं नाही. वकिलांनी नागपूरला हायकोर्टात अपील केलं आहे. स्थगिती मिळाली तर घर वाचेल म्हणतात, नाही मिळाली तर बघू म्हणतात. बघू म्हणजे काय ते मी विचारत नाही. नवरा आता दुसऱ्याची गाडी चालवतो. गल्लीत कोणाची अनोळखी मोटरसायकल थांबली की मी मशीनवरचा पाय उचलते आणि ती कोणाच्या दारापुढे थांबली ते आधी पाहते.