न वाचलेलं निळं पुस्तक

चष्म्याच्या दुकानात आयुष्य घालवल्यामुळे नंबरकाकांना एक खोड लागली होती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या कपाळावरच्या आठ्या आणि मान पुढे काढायची ढब पाहून ते मनातल्या मनात त्याचा नंबर ठरवून टाकायचे, आणि तो बऱ्याचदा बरोबर निघायचा. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर तेवढं उरलं होतं. अख्खा रस्ता त्यांना नंबरकाका म्हणायचा, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच काकू.

खोड माणसांपुरती राहिली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण काका पुस्तकांचाही नंबर असाच लावायचे. जवळचा चष्मा करायला आलेल्याला ते सांगायचे, "सध्या जे वाचताय ते घेऊन या. त्याच्यावरच बघू." त्यामुळे लोकांच्या पिशव्यांत कुठलं पुस्तक फिरतंय ते वाचनालयाच्या आधी त्यांना कळायचं. स्वतः ते वाचत नव्हते अशातला भाग नाही. जुनी, कव्हर निखळलेली, कोणी हात न लावलेली पुस्तकं ते चवीने वाचायचे. पण एकच पुस्तक चार जणांच्या हातात दिसलं की ते त्यांच्या डोक्यात जायचं. न वाचता, न चाळता.

एका जाडजूड कादंबरीवर सोनेरी अक्षरं होती. काका म्हणाले, "एवढा मुलामा दिलाय म्हणजे आत पितळ असणार." दुसऱ्या एका पुस्तकाच्या मागे लेखकाचा हनुवटीला बोट लावलेला फोटो होता. "ज्याला खरंच विचार पडलाय तो आधी फोटोवाल्याला बोलावतो का?" तिसऱ्यावर छापलं होतं की या पुस्तकाने लाखो वाचकांचं आयुष्य बदललं. त्यातले बरेच जण आपल्या दुकानात येऊन गेले आणि नंबर सोडून त्यांचं काहीच बदललं नव्हतं, असं काका सांगत. लोक हसायचे, काकाही हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

मग ते निळं पुस्तक आलं.

निळ्या कव्हरवर एक उघडं दार आणि दारासमोर एक रिकामी खुर्ची, एवढंच चित्र होतं. काकांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ते त्यांच्या मनातून उतरलं. मग ते येतच राहिलं. बँकेतल्या बाई घेऊन आल्या, बसचा कंडक्टर घेऊन आला, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई घेऊन आल्या आणि दुसऱ्याच पानावर त्यांचे डोळे भरले, त्यामुळे तपासणी पुढे ढकलावी लागली. शेवटी वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य ते हातात घेऊन उतरले तेव्हा काकांना राहवलं नाही.

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा?"

"तुम्ही वाचलंत का?"

"नाही."

"मग नाक का मुरडताय?"

"खुर्ची रिकामी आहे. दार उघडं आहे. बसलेला माणूस कुठे गेला?"

दंतवैद्य म्हणाले, "तेच तर वाचायचं असतं."

"मला नको. घरातून निघून जायला शिकवणारं पुस्तक आहे ते. दिसतंय की."

यात गंमत किती आणि खरं किती, ते आता काकांनाही सांगता आलं नसतं. समोरच्या औषधवाल्याचा भाऊ बायकोला न सांगता दुसऱ्या शहरात राहायला गेला, आणि त्याच्या टेबलावर ते निळं पुस्तक सापडलं अशी बातमी आली. काकांनी कोणाला काही म्हटलं नाही, पण दिवसभर ते मान हलवत होते.

आणि एका दुपारी ते जेवायला घरी गेले तर काकू खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ते निळं पुस्तक होतं.

काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"हे कुठून आणलंस?"

"वाचनालयातून. नवी कोरी प्रत मिळाली. सगळे वाचतात, म्हटलं आपणही बघू."

काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं बोलणाऱ्या. 'सगळे वाचतात' म्हणून त्यांनी आजवर काही केलेलं काकांना आठवत नव्हतं. एरवी काकू काही वाचत बसल्या की काका खुर्ची ओढून शेजारी बसायचे, खांद्यावरून डोकावायचे, "काय म्हणतोय तुझा लेखक?" असं विचारून त्यांना सतवायचे. त्या दिवशी ते टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसले आणि मुकाट्याने जेवले.

त्यानंतर रोज दुपारी तेच. काकू खिडकीत, निळं पुस्तक हातात, काका दूर. आणि काकांना एकेक गोष्ट खटकायला लागली. अर्धवट विणलेला स्वेटर टोपलीतून नाहीसा झाला. चौकशी केली तर काकू म्हणाल्या, "शेजारणीला दिला पुरा करायला. कंटाळा आला." शिवणाचं मशीन भाचीकडे गेलं. बाजारात एकट्या जाऊन यायच्या त्या आता शेजारीण निघाली की तिच्याबरोबर निघायच्या, आणि वाटेत दोघींचं काय बोलणं व्हायचं कोण जाणे. सगळ्यात वाईट म्हणजे काकू त्यांच्या नजरेला नजर देईनाशा झाल्या. बोलताना त्या काकांच्या तोंडाकडे न पाहता कानाच्या बाजूला कुठेतरी पाहायच्या.

जिला जायचंय ती वस्तू वाटून टाकते, नजर चुकवते. काकांनी हिशेब जुळवला आणि तो जुळला म्हणून त्यांची झोप उडाली.

त्यांनी मेव्हणीला फोन केला.

"तुझी ताई तुला काही बोलली का?"

"कशाबद्दल, भाऊजी?"

"असंच. कुठे जायचं वगैरे."

"ताई? ती कुठे जाणार?" मेव्हणी हसली. मग काकांनी चाचरत पुस्तकाचं सांगितलं, तेव्हा ती आणखी हसली. "पुस्तक वाचून कोणी घर सोडत नाही हो. ज्याला सोडायचंच असतं तो नंतर पुस्तक शोधतो."

तिने धीर द्यायला म्हटलं, पण काकांना त्याने उलट घाम फुटला.

एकदा काकू आंघोळीला गेल्या असताना काकांनी ते पुस्तक उचललं. चोरी करतोय असं वाटत होतं. ही बया कुठपर्यंत पोचली, निदान एवढं तरी कळावं. खूण म्हणून घातलेली जुनी पावती सुरुवातीलाच होती, पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर. पुढची पानं कोरी करकरीत, काही तर कडेला अजून एकमेकांना चिकटलेली. इतके दिवस रोज तास-दीड तास हातात धरून बाई दोन पानं वाचते? मग ती खिडकीत बसून करते काय? बाहेर कोणाची वाट बघते? पुस्तक होतं तसं ठेवून ते दुकानात गेले. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान मध्येच बंद केलं आणि ते घरी आले. कुलूप आवाज न करता उघडलं, चपला हातात घेतल्या आणि आतल्या दाराशी उभे राहिले. आपल्याच घरात असं उभं राहायची त्यांना लाज वाटत होती, पण संशय लाजेपेक्षा मोठा झाला होता.

काकू खिडकीतच होत्या. निळं पुस्तक मांडीवर उघडं, पण त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि खिडकीच्या गजांकडे पाहिलं. मग तळवा डाव्या डोळ्यावर नेला आणि पुन्हा पाहिलं. पुन्हा उजवा. मान थोडी तिरकी करून, जणू गज सरळ करायचे आहेत.

काकांच्या हातातल्या चपला खाली पडल्या. गिऱ्हाइकाला ते दिवसातून कितीदा हेच करायला लावत. एक डोळा झाका. आता दुसरा. रेघ सरळ दिसते का?

"गज वाकडे दिसतात?" त्यांनी विचारलं.

काकू दचकल्या. "कधी आलात?"

"गज वाकडे दिसतात का, ते सांग."

काकूंनी तळवा खाली घेतला. मग म्हणाल्या, "मधले. आणि मधोमध डाग आहे. पुसला तरी जात नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आधी वाटलं चष्मा खराब झाला."

काका खाली टेकले. तो कानाच्या बाजूला पाहणारा डोळा. ज्याला मधलं दिसत नाही तो कडेने पाहतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. हजार परक्यांचे डोळे तपासले आणि घरातल्या माणसाचा नंबर शेवटचा कधी काढला ते त्यांना आठवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, उशीर झाला. मग ते खरं झालं असतं." काकूंनी पुस्तक मिटलं. "डोळे गेल्यावर आई शेवटी कोपऱ्यात बसून असायची. येणारे-जाणारे तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलायचे, ती तिथे नसल्यासारखे. मला तसं व्हायचं नव्हतं. इतक्यात तरी नाही."

"आणि हे पुस्तक?"

"हातात काही नसतं तर तुम्ही विचारलं असतं, वाचत का नाहीस. दुसरं कुठलं असतं तर शेजारी येऊन बसला असतात, पान उलटत नाही ते तुमच्या लक्षात आलं असतं." त्या थोडं हसल्या. "हे असलं की तुम्ही दहा हात लांब राहता."

इतके दिवस डोळ्यात तेल घालून काकांनी पाळत ठेवली होती ती पुस्तकावर. ते उठले, चपला नीट ठेवल्या आणि म्हणाले, "चल. आत्ताच जाऊ."

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र समोर धरून समजावलं. डाव्या डोळ्यात व्रण धरला होता, तिथे आता फारसं काही होणार नव्हतं. उजव्यात नुकती सुरुवात होती. तिथे इंजेक्शनं द्यायची, वेळच्या वेळी, न चुकता. "थोडं आधी आला असता तर," असं त्या म्हणायला लागल्या आणि काकांचा चेहरा पाहून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर काका दाराबाहेरच्या बाकावरच बसले. काकू आत एकट्या गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "दाढ काढण्यापेक्षा बरं आहे."

त्या संध्याकाळी डोळ्यावर पट्टी असताना काकूंनी ते निळं पुस्तक मागितलं. "वाचून दाखवा."

"हेच? कपाटात इतकी चांगली पुस्तकं आहेत."

"हेच. इतके दिवस धरून बसले, आत काय आहे ते मला कळायला नको?"

काका वाचायला बसले ते लेखकाला रंगेहाथ पकडायच्या बेताने. दर पानाला थांबून म्हणायचे, "बघ, आता हा जाणार." पण तो माणूस कुठेच जाईना. ती गोष्ट निघाली एका शिंप्याची. त्याचा रुसून गेलेला भाऊ परत येईल म्हणून तो दार उघडं ठेवतो आणि खुर्ची मांडून ठेवतो. काकांचा अंदाज साफ चुकला होता. पण म्हणून पुस्तक त्यांना आवडलं असं नाही. मधे फार पाणी घातलंय, शेवटी मुद्दाम रडवलंय, असं त्यांचं मत पडलं. काकूंनाही मधला भाग कंटाळवाणा वाटला. भाऊ परत यायला नको होता असं त्या म्हणाल्या, यायला हवाच होता असं काका म्हणाले, आणि त्यावर दोन दिवस वाद चालला. औषधवाल्याला काकांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते पुस्तक त्याच्या वहिनीचं होतं. भावाने ते उघडलंही नव्हतं.

उजवा डोळा टिकला. सुईत दोरा ओवता येत नाही, पण काकू एकट्या बाजारात जातात आणि सुटे पैसे बोटांनी ओळखतात. इंजेक्शनच्या दिवशी दुकान बंद असतं. दुपारी काका खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि वाचून दाखवतात. पुस्तक काकू निवडतात, आणि बहुतेक वेळा सध्या सगळे वाचतात तेच.

परवा त्यांनी आणलेल्या पुस्तकावर एका मांजराचं चित्र होतं. काकांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उलटं करून पाहिलं.

"मला हे मांजर ठीक वाटत नाही," ते म्हणाले. "डोळे मिटल्याचं सोंग करतंय."

"पान पहिलं," काकू म्हणाल्या.